अर्धं कुलूप

दिवसातून पन्नास वेळा तरी आमचे हेडकॅशियर पँटच्या चोरखिशावर हात ठेवायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "हाय जागेवर."

त्या खिशात तिजोरीची किल्ली असायची. आमच्या शाखेत नोटांची मोठी तिजोरी आहे. तिला दोन कुलपं. एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी माझ्याकडे. दोघंही असल्याशिवाय दार उघडत नाही. सहा वर्षं आम्ही एकमेकांना असे बांधलेले होतो. नवरा-बायकोसुद्धा एकमेकांची इतकी वाट बघत नसतील.

सुट्ट्या पैशांवरून तुम्हीही कधी कॅशियरशी भांडला असाल. गुलमंडीतले एक कापडवाले शेठ तर रोज भांडायचे.

"आत खोली भरून नोटा, अन् मला दहाचं एक बंडल नाही?"

"शेठ, आतल्या नोटा आपल्या नाईत. ज्या बँकेनं छापल्या तिच्या हायेत. सही गव्हर्नरसाहेबांची. आपण निस्ते राखणदार."

"मग तुम्ही कोण?"

"मी? अर्धं कुलूप."

किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची तर आतली सगळी बंडलं तपासून, सह्या करून द्यावी लागते. म्हणून ते रजाच घेत नसत. आई पैठणला, थोरल्या भावाकडे. हे रविवारी सकाळी एसटीने जायचे आणि संध्याकाळी पडेगावला घरी परत. मुक्काम कधीच नाही. "आई म्हणती, लेकराला बँकेनं दावणीला बांधलंय," असं हसत सांगायचे.

एका पगाराच्या दिवशी अकराच्या सुमाराला भावाचा फोन आला. आईचं काही खरं नाही, लगेच नीघ.

मी म्हणाले, "किल्ली माझ्याकडे द्या आणि पळा."

"दोन्ही किल्ल्या तुमच्याकडं? मग दोन कशाला केल्यात, मॅडम?"

"मी काय चोर आहे?"

"तुम्ही नाई. पण उद्या एक बंडल कमी निघालं, तर तुम्हाला कोण वाचवंल?"

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. मी पुन्हा आग्रह केला नाही.

किल्ली घ्यायला दुसऱ्या एका सहकाऱ्याला बोलावलं आणि मोजणी सुरू झाली. तिजोरीत मोबाइल नेता येत नाही. बाहेर टेबलावर त्यांचा फोन वाजत राहिला. शिपाई दोनदा दाराशी येऊन सांगून गेला. "आलो म्हणावं," एवढंच म्हणाले. एक बंडल वगळलं नाही. अडीच वाजता मी त्यांना रिक्षात बसवलं.

तेरावं झाल्यावर कामावर आले. सही करून किल्ली परत घेतली.

"भेट झाली?" मी विचारलं.

"नाई. भाऊ म्हणला, शेवटपर्यंत इचारत होती, सोडलं का त्याला?"

पुढे आम्ही दोघं रोज ते दार उघडत राहिलो.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शेवटची सही केली, किल्ली टेबलावर ठेवली आणि मला विचारलं, "आता जाऊ?"

विचारायची गरज नव्हती. पण मी "जा" म्हणेपर्यंत ते तिथेच उभे होते.