मिस्त्रींचं नाक

काय नाक होतं ते! गाडी फाटकातून आत वळायची आणि मिस्त्री मान वर न करता सांगायचे, "पेट्रोल जास्त पितेय ही." गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. गॅरेजमध्ये यंत्रं आली, संगणक आला, पण तीस वर्षं शेवटचा शब्द मिस्त्रींच्या नाकाचा!

आठ महिन्यांपूर्वीच्या तापात ते नाक गेलं. साबण, धूर, पेट्रोल, कशाचाच वास येईना. येईल आज ना उद्या, म्हणून मिस्त्रींनी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

आज शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बाई तिसऱ्यांदा दारात. मागून काळा धूर, प्लग काजळीनं माखलेले. मिस्त्रींनी एअर फिल्टर बदलला होता, सेन्सर बदलला होता. इंजिन तरी पेट्रोल ढोसतच होतं.

"दाजी," गॅरेजचा मालक, म्हणजे त्यांचा मेव्हणाच, सगळ्यांदेखत म्हणाला, "आज नाही जमलं तर उद्यापासून पुढे खुर्चीत बसा, चहा प्या. इंजिनाला हात लावायचा नाही."

"मी चौथ्यांदा येईन ती अंथरूण घेऊनच," बाई म्हणाल्या.

मिस्त्री हसले आणि पुन्हा इंजिनावर वाकले. सगळं तपासून झालं होतं. पेट्रोलचा दाब राखणारी डबीसुद्धा. तिच्या आतला पडदा फाटला, की शेजारच्या हवेच्या नळीतून पेट्रोल इंजिनात झिरपतं. थेंब दिसेलच असं नाही; नळी काढून हुंगायची, की कळतं. दोन्ही खेपांना त्यांनी ती हुंगली होती. वास नव्हता, म्हणून...

मिस्त्री ताडकन सरळ झाले. वास नव्हता! हातानं सवयीनं नळी नाकाशी नेली, मेलेलं नाक गप्प राहिलं आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

नळी उपसून ते बाईंपुढे गेले. "जरा हुंगता?"

"मी? अहो, प्रसिद्ध नाक तुमचं!"

"हुंगा हो. पाया पडतो."

बाई वाकल्या आणि झटक्यात मागे सरल्या. "अगंबाई! नुसता पेट्रोलचा भपकारा! तुम्हाला नाही येत?"

"नाही. आठ महिने झाले."

डबी बदलली. धूर विरळ झाला, मग थांबला. बाई हॉर्न वाजवत गेल्या. मेव्हणा मात्र जागचा हलला नव्हता. आता त्याचा आवाज खाली आला होता.

"दाजी, या आठ महिन्यांत नुसतं हुंगून किती गाड्या सोडल्यात?"

एकेक गाडी मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे येऊ लागली. शिक्षकांची पांढरी. दवाखान्यातल्या नर्सबाईंची. आणि...

"त्या म्हाताऱ्या जोडप्याची लाल," ते कसेबसे म्हणाले. "पेट्रोलचा पाइप जुना होता तिचा. गळत नाही म्हणालो मी. उद्यापासून कशालाच हात लावत नाही रे, पण त्या लालचं काय?"

मेव्हण्यानं फोन लावला. एकदा, दोनदा. कुणी उचलेना.

मिस्त्री तेलकट हातांनीच स्कूटरकडे धावले. "घर माहीत आहे मला!"