एका ओळीचा ठराव

कमी शब्दांत काम भागवावं, हे पटवायला माझ्या मेहुण्याइतके शब्द खर्चणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही. चौसाळ्याच्या दूध संस्थेचा मी सचिव, हा संगणकवाला. दुधाच्या नोंदींचा प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिला, आणि चांगला लिहिला. पण संगणकाच्या ज्या भाषेत लिहिला तिच्याशीच त्याचं भांडण. संगणकाला एखादं काम शिकवून त्याला नाव दिलं की त्याला मेथड म्हणतात, एवढं मला आता पाठ आहे. "दाजी, काम एका ओळीचं. वर नाव सांगायला एक ओळ, खाली 'संपलं' म्हणायला आणखी एक. काहून? नाव लिहा, बरोबरचं चिन्ह टाका, काम लिहा. झालं!" हे 'झालं' यायला तासभर लागे. लग्नपत्रिकेतलं 'आमचे येथे श्रीकृपेकरून' त्याने पेनाने खोडलेलं मी पाहिलंय. पत्रिका त्याच्याच लग्नाची होती.

त्याने भाषा बनवणाऱ्या परदेशी मंडळींना आपली सूचना पाठवली. "तुमच्या बाजूचे आणखी कोण?" अशी तिकडून विचारणा आली. झालं, ठरावाला सूचक-अनुमोदक तिकडेही लागतात, असं याने धरलं. ते दुष्काळाचं वर्ष. वार्षिक सभेत चारा आणि टँकर यांपलीकडे कुणाला काही सुचत नव्हतं. मी 'ऐनवेळचे विषय' पुकारले आणि हा 'मेथड एका ओळीत लिहू द्यावी' असा ठराव घेऊन उभा राहिला.

"अरे, जनावरं उपाशी आहेत इथं!" मी कळवळलो.

पण दोन म्हशींचा मालक असलेला एक म्हातारा सभासद उठला. "लेकरू दोन साल झालं बोंबलतंय. लई लांब हाय तर कापा की! आपलं काय जातंय? माझं अनुमोदन."

सर्वानुमते मंजूर. संस्थेचा गोल शिक्का मलाच मारावा लागला.

ठराव परदेशी गेला, पंधरवड्याने उत्तर आलं. ठरावाबद्दल त्यांनी मनापासून आभार मानले होते. पण लिहिणारा एकदा लिहितो, वाचणारे पुष्कळदा वाचतात, त्यांना शेवट स्पष्ट दिसलेला बरा, सबब, नाही.

"न्हाई म्हणले," मेहुणा एवढंच बोलला.

तेवढ्यात संस्थेत दूध घालायला किटली घेऊन तोच म्हातारा आला. "काय रं, आपल्या ठरावाचं काय झालं?"

मेहुण्याने मान खाली घातली. मीच सांगितलं, "पुढच्या सभेवर ठेवलाय, बाबा."

"मंग ठीक हाय," म्हणून तो समाधानाने रांगेत उभा राहिला.

संध्याकाळी आम्ही दोघे बरोबरच घरी निघालो. दार येईपर्यंत मेहुण्याने तोंड उघडलं नाही. इतकी वर्षं मी याच शांततेसाठी आसुसलो होतो. त्या दिवशी ती मला सोसवली नाही.