शेवंतीच्या हातची बासुंदी

माणिक नाडकर्णीला राग पटकन येई आणि एकदा आला की मुक्कामाला राही. अंधेरीच्या एका खासगी प्रयोगशाळेत ती दूध, तूप, मिठाईचे नमुने तपासायची. छप्पन साली कांदिवलीच्या दिघ्यांकडून आलेल्या वाटीभर बासुंदीने मात्र तिचा राग जन्मभराचा झाला.

दिघ्यांकडे मुंज होती. जेवणं आटोपून हात वाळतात न वाळतात तो निम्मी पंगत ओकायला लागली. जीव कुणाचा गेला नाही, पण यजमानांची अब्रू गेली. मग खापर फोडलं ते शेवंतीवर. ही मालवणकडची विधवा बाई, वाकोल्याला राहायची आणि दिघ्यांकडे स्वयंपाक करायची. आदल्या दिवशी वसुधाबाई दिघे तिला खूप बोलल्या होत्या. त्याचा डूख धरून तिने बासुंदीत काहीतरी कालवलं, असं अनंतराव दिघ्यांनी पोलिसांत सांगितलं. पोलीस तिला रोज सकाळी चौकीवर बसवून रात्री घरी सोडू लागले.

माणिकने तपासलं तेव्हा बासुंदीत एकही जिवंत जंतू निघाला नाही. प्रयोगशाळेचे मालक डॉक्टर कारखानीस यांनी तेवढ्यावर शेरा मारला: बासुंदी निर्दोष. निर्दोष बासुंदीने माणसं आजारी कशी पडतील? म्हणजे विष घातलंच, असा दिघ्यांनी अर्थ लावला.

माणिक तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली. जंतू मेले म्हणून त्यांनी सोडलेलं विष मरत नाही, उकळलं तरी ते उरतं, हे तुम्हीच शिकवलंत ना, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, शेरा गेला, विषय संपला.

तिने संपू दिला नाही. ती वाकोल्याला शेवंतीकडे गेली. शेवंतीच्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी होती आणि आत बोट पिकून टम्म झालं होतं. तिने सगळं सांगितलं. सकाळी दूध आटवलं, उतरवल्यावर त्यात बदामाचे काप हाताने कुस्करून घातले. मग बासुंदी दुपारपर्यंत उकाड्यात तशीच राहिली आणि वाढण्याआधी पुन्हा उकळली. बोट ठणकतंय म्हणून तिने आधीच सुटी मागितली होती. ऐन कार्यात नखरे नकोत, म्हणून वसुधाबाईंनी तिला झापलं होतं. आदल्या दिवशीचं बोलणं ते हेच.

माणिक परतली ती धुमसतच. उरलेल्या बासुंदीवरची साय काढून तिने बासुंदी जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळली आणि खाली उतरलेलं पाणी उकळलं. त्या काळी हे विष ओळखायला मांजराची पिल्लं वापरत. पाणी दिलेलं पिल्लू थोड्याच वेळात ओकलं, संध्याकाळी सावरलं. पिल्लू कशानेही ओकेल, असं डॉक्टर म्हणतील हे तिला ठाऊक होतं. म्हणून चांगल्या बासुंदीचं तसंच काढलेलं पाणी तिने दुसऱ्या पिल्लाला दिलं होतं. ते टेबलाखाली बागडत होतं.

डॉक्टरांना नवा अहवाल द्यावाच लागला. पिकलेल्या बोटातून जंतू गेले, त्यांनी विष सोडलं, मुद्दाम कुणी काही घातलं नाही. बाईने सुटी मागितली होती आणि ती नाकारली गेली, हे वाक्यही माणिकने त्यात घातलं होतं. डॉक्टरांनी ते खोडलं. म्हणाले, आपण बासुंदी तपासतो, माणसं नाही.

पोलिसांनी शेवंतीला चौकीवर बोलावणं थांबवलं. माणिकने आनंदाने जाऊन अहवालात काय आहे ते सांगितलं, तर शेवंती दारातच उभी राहिली.

"म्हंजे माझ्याच हातान झाला मां? आधी इख घातलंय म्हणत होते, आता हात सडको म्हणतत. मियां सुटी मागितलंय, तां तुमी खंय लिवलास?"

माणिक तशीच कांदिवलीला दिघ्यांकडे गेली. वसुधाबाईंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "आम्ही तिला काही केलं नाही हो. उलट असल्या हाताची बाई इतके दिवस ठेवून घेतली."

"तुम्ही ठेवून घेतली नाहीत, तुम्ही राबवलीत," माणिक म्हणाली. "बोट तिचं पिकलं होतं, पण त्या दिवशी तिला चुलीपुढे तुम्ही बसवलंत. माणसं तुमच्या हट्टाने ओकली."

अनंतरावांनी तिला दार दाखवलं. डॉक्टरांकडे तक्रार गेली, त्यांनी तिला माफी लिहून द्यायला सांगितलं. तिने दिली नाही. वर्षभर तिला बाटल्या धुण्याचं काम मिळालं. ते तिने दातओठ खात केलं आणि मग मुलुंडला दुसरी नोकरी धरली.

शेवंतीच्या बोटाचं पेर कापावं लागलं. ती पुढे घरीच पापड लाटून विकू लागली. माणिक दोनदा गेली, दोन्ही वेळा दार उघडलं नाही. लोक म्हणत, एवढं केलंस तिच्यासाठी आणि बघ. माणिकला त्या लोकांचाच राग येई. शेवंतीने केलं ते बरोबर केलं, असं ती शेवटपर्यंत म्हणायची.