मित्सुएने न काढलेले पाय

मित्सुए,

ग्रंथालयातली नवी मुलगी तुझ्या चित्रांचं प्रदर्शन मांडते आहे. "तुमच्या मैत्रिणीबद्दल दोन पानं लिहून द्या. जन्म, शिक्षण, कारकीर्द," म्हणाली. मी म्हटलं, जन्म याच गावात, शिक्षण माझ्या शेजारच्या बाकावर आणि कारकीर्द घरातल्या खिडकीपाशी. एवढ्यावर तिचं भागेना. म्हणून तुझ्याबद्दल लिहायच्या ऐवजी तुलाच लिहायला बसले. तुला ठाऊक असलेलंही यात येईल, कारण प्रदर्शनाला येणाऱ्यांना ते ठाऊक नाही. तेव्हा 'हे कशाला सांगतेस' म्हणून मध्ये तोंड घालू नकोस.

ग्रंथालयात येणारे आतापासून एकच विचारतात म्हणे: 'ओली वेणी'तली नागी जिवंत होती की भूत?

ज्यांनी तुझी ती चित्रकथा-मालिका वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुलींच्या एका मासिकात ती वर्षानुवर्षं चालली. कोळ्याची मुलगी मिदोरी आणि तिची मैत्रीण नागी. भरती ओसरायला लागली आणि समुद्रातून काही वाईट वर येऊ लागलं की नागी हजर. वेणीतून पाणी ठिबकतंय. बुडालेल्या खलाशांची भुतं नावेच्या काठाला लटकून पाणी उपसायचा डाव मागतात. दिला की त्याच डावाने नावेत पाणी भरून ती बुडवतात. नागी त्यांना बूड फुटलेला डाव देते, आणि मग दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून थरथरत बसतात, ती भुतं फुटक्या डावाने समुद्र उपसत असताना. अंगावर काटा यायचा. मी रसायनशास्त्राची शिक्षिका, पण तो अंक वाचल्यावर न्हाणीघरातला डाव मी आठवडाभर उपडा ठेवत होते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

नागी कोण, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ती आपली सायो, आपल्यातली तिसरी मैत्रीण.

शाळा संपली त्या वसंतात पोरी-पोरांना जहाजात भरून ओसाकाच्या गिरण्यांकडे धाडलं. उवाजिमाच्या धक्क्यावर बँड लावला होता. जहाजावरच्यांनी कागदी फितींचं एक टोक धरायचं, धक्क्यावरच्यांनी दुसरं, आणि जहाज सुटलं की फीत ताणत ताणत तुटायची. सायोच्या फितीचं दुसरं टोक तुझ्या हातात होतं. मी पुढे शिकायला मात्सुयामाला जाणार होते म्हणून सायो वरून ओरडली, "कियो, शहाणी होऊन आलीस तर आमच्याशी बोलशील ना गं?" तेच तिचं शेवटचं बोलणं. ओसाकाला तिची पेटी उतरली. ती उतरली नाही. वाटेत दोन बंदरं लागत होती. तिथे उतरली असेल, नाहीतर पाण्यात गेली असेल. पोलिसांनी दोन्ही लिहून घेतलं आणि कागद मिटला.

तिची आई, तोकुकाकू, लेक निघाली त्या दिवसापासून वाटेवरच्याचं ताट वाढत होती. आपल्याकडे घरातलं माणूस दूर गेलं की सगळेच वाढतात. काकूचं ताट थांबलं नाही, एवढाच फरक. भाताचा वाडगा, त्यावर लाखेचं काळं झाकण, सार, लोणचं, जेवायच्या काड्या आडव्या. काही वर्षांनी मठातले गुरुजी स्वतः चालत आले. म्हणाले, आता तिच्या नावाची पाटी करून पितरांत ठेवू, तिलाही शांती, तुम्हालाही. काकूने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "गुरुजी, मेलेल्याच्या भातात काड्या उभ्या खोचतात. माझी लेक प्रवासात आहे. काड्या आडव्याच राहतील." त्यानंतर कुणी विषय काढला नाही.

आणि तू, मित्सुए, तिला भयकथेत घातलंस. पहिला अंक गावात पोचला तेव्हा मी तुझ्या घरी संत्री निवडत बसले होते. काकू पाठीवरची टोपली न उतरवता थेट आत आली. हातात शेजारच्या पोरीकडून आणलेलं मासिक.

"मित्सुए, ही वेणी माझ्या सायोची."

तू टाक खाली ठेवलास. "हो, काकू."

"डावीकडे सुटलेली. तिला घट्ट घालायचा कंटाळा. बरोबर काढलीस." मग पानावर बोट. "ओली का आहे?"

तू टाक पुसायला घेतलास.

"मेलीय का ती यात? सरळ सांग. मला आडवळणाचं कळत नाही."

"मला माहीत नाही, काकू."

"मलाही नाही. मग माहीत नसल्यासारखीच काढ." ती वळली, दारातून परत म्हणाली, "आणि तिला काहीतरी खायला घाल. पूर्ण अंकात उपाशी फिरतेय पोर."

मला वाटलं, सुटलो एकदाचे. तू मात्र कागदासारखी पांढरी पडली होतीस. काकूने काय मागितलं ते तुला लगेच कळलं, मला कळायला महिने लागले. आपल्याकडे भुताला पाय नसतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नागीला पाय काढले तर ती जिवंत, नाही काढले तर मेलेली. नशिबाने पहिल्या भागात ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती.

तिथून पुढे ते सुरू झालं. नागी भाताच्या शेतात उभी, पोटऱ्या चिखलात. नागी रजईखाली शेगडीला पाय लावून बसलेली. गवतात, फेसात, संत्र्यांच्या टोपल्यांमागे, पडलेल्या छत्रीमागे. कधी चौकटीची खालची रेघच तिच्या घोट्यावरून जायची. धावताना काढायची वेळ आली तेव्हा तू धुरळा काढलास, आणि तो धुरळा इतका खरा की मी डोळे चोळले. मी तुला म्हणाले, "अगं, लोकांना एक दिवस कळेल." तू म्हणालीस, "कळू दे. दिसायला नको, बस." आणि दर अंकात नागी काहीतरी खात असायची. भुतं दाराशी, आणि ही माशाची तळलेली वडी चावतेय. मुलींना तेच सगळ्यात भयंकर वाटायचं.

मी तेव्हा फार शहाणी होते. एकदा काकूकडे आपण दोघी बसलो असताना तिने ताटातलं झाकण उचलून आतली बाजू पाहिली. झाकणाला आतून थेंब असले तर वाटेवरचं माणूस सुखरूप, असं म्हणतात. थेंब होते. मला राहवेना.

"काकू, गरम भातावर गार झाकण ठेवलं की वाफेचं पाणी होणारच. सायो कुठेही असो."

"ठाऊक आहे, मास्तरीणबाई," काकू म्हणाली. "म्हणून तर गरम वाढते."

तू इतकी हसलीस की चहा सांडला. मी जन्मभर वाफेचं पाणी कसं होतं ते फळ्यावर लिहीत आले, पण त्या उत्तरापुढे मला आजही हात जोडावेसे वाटतात. रोज, न चुकता, चुलीवरून उतरलेला भात.

मग मासिक बंद पडायची वेळ आली आणि संपादक इसोगाई तोक्योहून स्वतः आले. बस लागली होती, चेहरा हिरवा. तरी वड्या तीन हाणल्या.

"शेवटच्या भागात पाय," ते म्हणाले. "असतील तर आहेत, नसतील तर नाहीत. पण स्पष्ट. वाचणाऱ्या मुलींना आता मुलं झाली, बाई!"

"नाही काढता येणार."

"मग त्या चौकटीत जागा सोडा. आमच्याकडे काढणारे हात आहेत. आम्ही भरू."

"कुणाचे पाय भराल?" तू विचारलंस.

ते चहा संपवून उठले. बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता तो.

त्या दिवसांत तू दोन कागद काढलेस. एकावर पाय, एकावर नाहीत. दोन्ही फाडलेस. मी तुकडे गोळा करत होते तेव्हा म्हणालीस, "पाय काढले तर काकू उद्या धक्क्यावर जाऊन उभी राहील, कियो. मला काहीतरी कळलंय असं समजून. आणि नाही काढले तर ती उभ्या काड्या खोचेल. माझ्या चित्रावरून. मला काय अधिकार आहे गं?"

"मग जागा सोड. ते भरतील."

"ते भरतील आणि काकूला वाटेल मीच भरली."

त्यातच काकू संत्र्यांच्या बांधावरून घसरली, खुबा गेला. अंथरुणातून हुकूम सोडत होती, पण उठता येईना. ताट वाढायचं काम तुझ्यावर आलं. भर दुपारी मी डॉक्टरांचं औषध घेऊन पोचले तर तू ताटापुढे पाय मुडपून बसली होतीस. काकू आतून ओरडली, "झाकण बघितलंस का?"

तू झाकण उचललंस. उलटं केलंस. काळ्या लाखेवर थेंब होते, बारीक, मोठे, एकमेकांत मिसळायच्या बेतातले. तू बघत राहिलीस. एक थेंब ओघळून दुसऱ्याला मिळाला, तरी तू बघतच होतीस.

"मेलीस का गं?" आतून काकू.

"ओलं आहे, काकू!"

"मग भात निवायच्या आत ठेव ते परत."

तू तशीच घरी गेलीस. दाराला कडी. तीन वेळा मी जेवण ओसरीवर ठेवलं. दार उघडलंस तेव्हा तुझ्या मनगटापर्यंत शाई होती.

शेवटचं पान. पानभर काळं. त्यात नागी नाही, मिदोरी नाही, शब्द नाही. फक्त उलट्या झाकणाची आतली बाजू आणि थेंब. मी जवळ जाऊन पाहिलं. थेंब पांढऱ्या रंगाने काढलेले नव्हते. तो कोरा कागद होता. प्रत्येक थेंबाभोवती तू काळं भरत गेली होतीस, एकेका थेंबाला वाचवत. इतकी वर्षं चिखलात, गवतात, फेसात तू जे न काढता राखलंस तेच इथे राखलं होतंस. मी विज्ञान शिकलेली बाई. त्या पानापुढे मी जमिनीवर बसले, देवळात बसतात तशी.

दोन दिवसांनी इसोगाईंचा फोन. आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"पाय कुठायत?"

"जेवायला बसल्यावर पाय दिसतात का, इसोगाई-सान?"

पलीकडून एकदम हळू आवाजात, "लढाईत माझ्या वडिलांसाठी आजी वाढायची. झाकण कुणाला उचलू द्यायची नाही. स्वतःच बघायची आणि म्हणायची, ओलं आहे." मग, "छापतो."

मुलींना ते पान कळलं नाही. त्या आयांकडे गेल्या, आयांनाही नीट सांगता येईना, मग आज्यांकडे गेल्या. पुढचा महिनाभर आपला पोस्टमन पिशवी ओतून जात होता. होक्काइदोपासून कागोशिमापर्यंत म्हाताऱ्यांची वळणदार अक्षरं. कुणी मुलासाठी वाढलं होतं, कुणी नवऱ्यासाठी. एकीनेही विचारलं नाही की नागी जिवंत होती का.

अंक काकूकडे मीच नेला. तिला बारीक दिसत नव्हतं, पण हे पान दिसलं. तिने तळहात त्यावर सपाट ठेवला, कागद ऊन लागतो का बघावा तसा.

"गरम वाढलंयस," ती म्हणाली. तू तिथेच रडलीस. काकू नाही.

ती आणखी बरीच जगली, आणि ताटही. शेवटच्या हिवाळ्यात तिने आपल्याला दोघींना बोलावलं, आठवतं? बोलताना धाप लागत होती, तरी हुकूम तोच.

"सायो आली तर घर मोडलेलं दिसेल तिला. घाबरेल. तिचा निळा सुती किमोनो मित्सुएकडे ठेवते. पोरवयातला आहे, पण खांद्याचे नि कमरेचे दुमडून शिवलेले दाब मी उसवलेत. आता मोठ्या बाईला होईल. तिला सांगा, आखूड घालून फिरू नकोस. दोघींपैकी जी आधी भेटेल तिने सांगायचं."

"मी सांगेन, काकू," तू म्हणालीस.

"ही विसरेल, मी सांगेन," मी म्हणाले.

या वसंतात तू गेलीस. तुझ्या भाचीने तो किमोनो माझ्याकडे आणून दिला. तिथे तुला सायो भेटली असेल तर तू एव्हाना सांगितलंच असशील, आणि आखूड कपड्यांवरून तिला चार शब्द सुनावलेही असतील. भेटली नसेल तर ते काम अजून माझ्याकडे आहे. तू सांगितलंस की नाही, कळायला मार्ग नाही. किमोनो काढून उन्हात घातला होता, आता घडी करून ठेवला आहे. अजून कुणी विचारत आलेलं नाही.