पान्यानं ठोकून घेतलेलं मशीन

माझ्या धाकट्या भावाचा जबडा मी फोडला. लागलं मशीन, पण हट्ट माझा होता, म्हणून मी फोडला असंच सांगतो.

नंदनवन वस्तीत घरामागं आमचं टिनाचं शेड होतं. एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि आम्ही दोघं भाऊ. कुहीकडच्या धान गिरण्यांचे शाफ्ट आमच्याकडं यायचे. शाफ्टवर चाक पक्कं बसायला लांब खाच पाडावी लागते. ती मी छिन्नी-हातोड्यानं पाडायचो. कामं वाढली तशी भावानं खाचा पाडणारं लहान मिलिंग मशीन घेण्याची गोष्ट काढली. मी म्हटलं, ड्रिलच्या चकात, भोक पाडायची सळी धरणाऱ्या पकडीत, कटर आवळला की झालं मिलिंग.

"दादा, ड्रिल वरून खाली दाबाची असते. बाजूनं जोर पडला तर चक निसटन. तुले समजूनच नाही राहिलं."

तो मॅट्रिक झालेला, मी चौथीतून पळालेला. त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि मी उलट्या हातानं त्याचा ओठ फोडला. तो चिंधीनं रक्त पुसत कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी मी कटर आवळला आणि शाफ्टचं टोक धरायला त्यालाच बोलावलं. तो नाही म्हणाला. मी भेकड म्हटलं. मग तो उभा राहिला.

कटर लोखंडात शिरला, मशीन थरारलं, आणि फिरतं चक खोबणीतून सुटून त्याच्या तोंडावर गेलं. अडकित्त्यात सुपारी फुटते तसा आवाज झाला. लोखंडाच्या चुऱ्यात तीन दात पडले होते.

दवाखान्यात त्याचा जबडा तारेनं बांधला. मी घरी येऊन घण उचलला आणि ड्रिलचे तुकडे केले. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते वाकत नाही, तुटतं. बायको दारातून म्हणाली, "आता मशीनले मारून कोणाचं तोंड जुळते?"

घरी आल्यावर भाऊ शेडकडं फिरकला नाही. दुसरीकडं कामाला लागणार असं कानावर आलं. तो गेला असता तर शेड राहिलं असतं, आमचं कारखानदारपण गेलं असतं. माफी मला मागता येत नाही. त्याच्या खाटेपाशी जाऊन मी एवढंच म्हटलं, "चाल गा. मशीन तू निवड."

लकडगंजात जुन्या मशीनच्या एका व्यापाऱ्याकडं गेलो. ताज्या हिरव्या रंगाचं एक मशीन मला लगेच आवडलं. भावानं खिशातून पाना काढून ते जागोजागी ठोकलं. बीड धड असलं तर घंटीसारखं वाजतं. टेबलाच्या आधारापाशी ते बद्द वाजलं. मी चाकूनं रंग खरवडला. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली भेग.

व्यापाऱ्यानं माझं मनगट पिरगाळलं. "माल काहून खराब करून राहिला? घेणं असन तर घे, नाहीतर निघ."

मी त्याच्या नाकावर डोकं हाणलं. त्याच्या दोन हमालांनी मला लोखंडी पत्र्यांवर पाडून लाथा घातल्या. बरगडीत कळ गेली, श्वास बंद झाला. जबडा अजून तारेत, भावाला ओरडताही येत नव्हतं. त्यानं पडलेली पहार उचलून सगळ्या ताकदीनं त्या भेगेवर मारली. आधाराचा तुकडा हमालांच्या पायाशी पडला. सगळे थांबले.

मग तो कोपऱ्यातल्या गंजक्या, बुटक्या मशीनकडं गेला. वरून खालपर्यंत ठोकलं. सगळीकडं घंटी. वर एक लांब बोल्ट होता, तो कटरला वरून ओढून धरतो. भावानं त्याच्यावर बोट ठेवून माझ्याकडं पाहिलं. व्यापाऱ्यानं नाक दाबत ते विकलं.

शेडमध्ये मशीन बसवल्यावर भावानं पाना माझ्या हाती दिला. बरगडी दुखत असताना मी बोल्ट आवळला आणि म्हटलं, पाहून घे. त्यानं बोल्टकडं पाहिलंही नाही. मशीन सुरू झालं तसा तो कटरच्या समोर, अगदी त्याच जागी येऊन शाफ्टचं टोक धरून उभा राहिला.

मी दोनदा सरक म्हटलं. तो सरकला नाही. शेवटी माझाच भाऊ.