कोचचा गुडघा

आमचे कोच कधी बसायचे नाहीत. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या पार्कात रविवारी सकाळी आम्ही सगळे काका घडीच्या खुर्च्या घेऊनच फुटबॉल खेळायला जायचो, आणि ते मात्र डावा पाय जरा बाहेर टाकून रेषेपाशी उभे. एकदा मी खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, "बसलो तर उठवायला दोन माणसं लागतात. तुमच्यात दोन धड माणसं आहेत का?" मी खुर्ची मिटली.

कोच सर्बियाचे. तरुणपणी तिकडच्या मोठ्या क्लबात खेळले, राष्ट्रीय संघाच्या दाराशी पोचले आणि नेमका तेव्हाच गुडघा गेला. मग कोच झाले. आधी तिकडे, मग अमेरिकेत येऊन कॉलेजच्या पोरांचे, मग शाळेच्या, मग अगदी चिल्ल्यापिल्ल्यांचे. त्याखाली उतरायला जागा उरली नाही तेव्हा आमचे. आम्ही म्हणजे शुगर वाढलेले आयटीवाले मराठी बाप. डॉक्टरांनी धाक घातला म्हणून चाळिशीपुढच्यांच्या लीगमध्ये शिरलो होतो. पहिल्या मॅचनंतर मी लंगडत घरी आलो, तेव्हा बायको म्हणाली, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पडायला नाही."

कोच ओरडत नसत, सुस्कारा टाकत. सुस्काऱ्यावरून चूक कुणाची ते आम्हाला मान न वळवता कळायचं. सगळ्यांत लांबलचक सुस्कारा माझ्या वाट्याचा.

त्यांना कोडं पडलं ते नानांचं. नाना आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे. पुढे मोकळा माणूस उभा असला तरी आमचा बॉल फिरून फिरून नानांकडेच जायचा. शेवटी कोचनी मला बाजूला घेऊन विचारलं, हा माणूस तुमचा बॉस आहे का? मी म्हटलं, छे, सीनियर आहेत. त्यांना डावलून पुढे देणं बरं दिसत नाही. कोचनी सुस्कारा टाकला. मग म्हणाले, "सीनियर तर मीही आहे. मला कोण देतं बॉल?"

या वसंतात त्यांनी सांगितलं की सीझन संपला की परत जाणार. आई तिकडे एकटी होती, आणि तेही थकले होते. आम्ही लगेच पॉटलकच्या गोष्टी सुरू केल्या, कोण पुलाव करणार आणि कोण श्रीखंड आणणार. कोचनी हात वर करून थांबवलं. "जेवण नको. मी एक शब्द न बोलता माझी टीम एकदा नीट खेळलेली बघायचीय. इतकी वर्षं कोच आहे, अजून दिसलं नाही. आता तुम्हीच राहिलात." हे शेवटचं वाक्य ते इतक्या दमलेल्या आवाजात म्हणाले, की आमच्यातल्या कुणाला हसायचंही सुचलं नाही.

शेवटच्या मॅचला ते बोलल्याप्रमाणे तोंड मिटून उभे राहिले. आम्ही हाफटाइमपर्यंतच भरपूर गोल खाल्ले होते. मॅच संपत आली असताना बॉल माझ्याकडे आला. बाजूला नाना धापा टाकत उभे. पाय सवयीने त्यांच्याकडे वळला, तेवढ्यात नानाच कावले. "अरे, मला काय देतोस, पुढे दे की!"

मी पुढे मोकळ्या उभ्या असलेल्या आमच्या मन्याला दिला. मन्याने न थांबता डावीकडे दिला, तिथून मधे, मधून परत मन्याकडे. कुणी कुणाला सॉरी म्हटलं नाही, कुणी थबकलं नाही. हे आपणच करतोय यावर माझा विश्वास बसेना. मन्याने जोरात मारला. बॉल खांबाला लागून बाहेर गेला.

मी सुस्काऱ्याची वाट पाहिली. तो आलाच नाही. वळून बघतो तर कोच आमच्या पाण्याच्या कूलरवर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यावर.

मॅच अर्थातच हरलो. सगळे हात मिळवून पांगले तरी कोच बसूनच होते. मी आणि नाना जवळ गेलो, तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले. एक नानांनी धरला, एक मी. उठवताना माझ्या कमरेत कळ आली आणि नानांचा श्वास लागला.

"कोच, वन मिनिट," नाना म्हणाले.

"टेक युअर टाइम," कोच म्हणाले.

मग आमचा भार त्यांच्यावर आणि त्यांचा आमच्यावर टाकून आम्ही तिघं थोडा वेळ तसेच उभे राहिलो.