उभ्या पोळ्या, आडवं थालीपीठ

हॉस्पिसमधून फोन आला तेव्हा मी ट्रॅममध्ये होतो. नर्स म्हणाली, मालतीताई शांतपणे गेल्या. मला ते पटलं नाही. शांतपणे काही करणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. पुढच्या स्टॉपला उतरलो. समोर आर्थर्स सीटची टेकडी दिसत होती. हा विझलेला ज्वालामुखी आहे, हे एडिनबऱ्यात आल्यावर मला त्यांनीच सांगितलं होतं.

मी बार्शीचा. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. शाळेत खडकांचे प्रकार पाठ केले होते, पण खडकाला काही विचारता येतं हे कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीसाठी इथं आलो त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला गेलो. भटजी नव्हते, फोनवर पूजेचं रेकॉर्डिंग लावलेलं. संकल्प सुरू झाला. त्यात आपण देवाला आपला काळ आणि ठिकाण सांगतो, कोणता कल्प, कोणतं युग, कोणत्या नदीचा काठ. रेकॉर्डिंग गोदावरीपाशी आलं आणि मागून आवाज आला, “बंद करा ते! गोदावरी कुठंय इथं? मी नाशिकची आहे, मला माहितीय ती कुठंय.”

मंडळातले ज्येष्ठ वसंतकाका हसले. “अहो मालतीताई, देवाला कळतो आपला पोस्टकोड.”

“मग सांगता कशाला? सांगायचंच तर खरं सांगा.”

प्रसाद घेताना काकांनी पुन्हा छेडलं. इथले लोक पृथ्वीला सहा हजार वर्षांची समजत होते तेव्हा आपल्याकडे कोट्यवधी वर्षं ठाऊकच होती, असं म्हणाले. ताईंनी मोदक खाली ठेवला. “एवढा मोठा काळ कल्पिला, त्याला माझा नमस्कार. पण ठाऊक होतं म्हणू नका. ठाऊक असणं म्हणजे दाखवता येणं.” मग माझ्याकडे वळल्या. “तू नवीन ना? शनिवारी चांगले बूट घालून ये. दाखवते.”

ताई डॉक्टर नवऱ्याबरोबर इथं आल्या, लॅबमध्ये नोकरी केली आणि पन्नाशी उलटल्यावर भूशास्त्राची पदवी घेतली. नाशिकचे थोरले भाऊ, अण्णा, तेव्हा म्हणाले होते, या वयात दगड कशाला? ताई ते सांगून खदाखदा हसायच्या. मूलबाळ नव्हतं, यजमान आधीच गेलेले. दरवर्षी नव्या आलेल्या कुणाला तरी धरून समुद्रकाठच्या सिकार पॉइंटला न्यायच्या.

बसने किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो, मेंढ्यांच्या कुरणातून चाललो आणि कड्याच्या टोकाशी आलो. खाली समुद्र, वारा असा की बोलणं उडून जावं. ताईंनी चौकोनी स्टीलचा डबा उघडला. त्यात पोळ्या कडेवर उभ्या रचलेल्या आणि वर एक थालीपीठ आडवं, जरासं तिरकं टाकलेलं. “आता खाली बघ.” खाली तेच होतं. करड्या खडकाचे थर उभे, आणि त्यांच्यावर तांबड्या खडकाचे थर जरासे कललेले.

“पोळी लाटतात तेव्हा आडवी असते ना? गाळही समुद्राच्या तळाशी आडवाच साचतो. त्याचा दगड व्हायचा, तो उभा व्हायचा, वर यायचा, झिजायचा. मग त्याच्यावर हा तांबडा गाळ साचून त्याचाही दगड व्हायचा. सांग, सहा हजार वर्षांत बसतं का हे?”

मी मान हलवली.

“मान हलवू नकोस. नाही म्हण.”

“नाही!” मी वाऱ्यात ओरडलो. मोठ्या माणसासमोर इतक्या मोठ्यानं मी कधी नाही म्हटलं नव्हतं.

मग हे खडक बघून पृथ्वी फार जुनी आहे हे ओळखणाऱ्या माणसाबद्दल त्यांनी सांगितलं. डॉक्टरकी शिकून शेती करणारा, शेतातली माती पावसाने ओढ्याला वाहताना बघणारा. सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी तो बोटीने या खडकांपाशी आला. लोकांनी त्याला पाखंडी ठरवलं. “पृथ्वीचं वय त्याने सांगितलंच नाही रे. आकडा फार नंतर आला. तुमच्या आकड्यात हे मावत नाही, एवढंच तो म्हणाला. पहिलं काम तेच असतं.”

शेवटच्या दिवसांत त्यांनी मला जवळ बसवलं. अस्थी सिकार पॉइंटच्या समुद्रात सोडायच्या, नाशिकला न्यायच्या नाहीत. “अण्णा ओरडेल. तू ओरडू नकोस... पण देऊ नकोस.”

फोनवर अण्णा खरंच ओरडले. “तुम्ही कोण सांगणारे? माझी बहीण आहे ती. अस्थी रामकुंडावरच यायला हव्यात.” त्यांचं वय, त्यांचा हुंदका... हो म्हणून टाकणं सोपं होतं. मी तसाच वाढलो आहे. पण कानात तो वारा घोंगावत होता. “अण्णा, नाही,” मी म्हणालो. “ताईंनी सांगितलंय. मी देणार नाही.”

त्यांनी फोन ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा आला. “हे चूक आहे, मला मान्य नाही. पण मंत्राशिवाय सोडू नका तिला. मी फोनवर म्हणतो.”

जमीनमालकाला विचारून आम्ही मंडळातले चौघं गेलो. मी फोन वाऱ्याआड धरला. अण्णांचा आवाज कल्पातून, युगातून खाली येत गेला आणि नदीपाशी थांबला. मागे वसंतकाकांनी टोपी काढली.

“पुढे काय म्हणू?” अण्णा खेकसले. “पत्ता तरी खरा सांगा. नाहीतर ती उठून बसायची.”

“उत्तर समुद्राच्या काठी,” मी म्हणालो. “उभ्या खडकांवर आडवे खडक आहेत, तिथं.”

त्यांनी ते मराठीतच म्हटलं, अडखळत, रागातच.

ताईंचा डबा आता माझ्याकडे आहे. यंदा गणपतीत ते रेकॉर्डिंग लागलं तर मागून ओरडायचं काम माझं. परवा ऑफिससाठी पोळ्या भरताना सवयीनं आडव्या ठेवायला गेलो... आणि काढून पुन्हा उभ्या लावल्या.